करवतबाबाचे सात वेढे

"सरका, सरका, मागच्यांना दिसू द्या!" असं जो ओरडत होता, तोच सगळ्यांच्या पुढे छाती काढून उभा होता. रविवारची सकाळ. आमच्या बागखात्याच्या डेपोत दीडशे माणसं जमली होती. काही ट्रॉलीवर चढली होती, काही रचलेल्या ओंडक्यांवर, आणि आमचे मुकादम माझ्या वर्कशॉपमधल्या एकुलत्या एका खुर्चीवर. मी दारात चिंधीला हात पुसत उभा होतो. खुर्ची नेताना मला विचारलंसुद्धा नव्हतं.

मधोमध करवतबाबा. हा पूर्वी झाडं तोडायचा. एकदा भलीमोठी फांदी त्याच्या शेजारी पडली आणि हा वाचला, तेव्हापासून बाबा झाला. फांदी दोन हात अलीकडे पडली असती तर आमचे बरेच प्रश्न सुटले असते, पण ते असो. त्याच्या हातात झाडं तोडायची पेट्रोलवरची करवत होती, तीच ती, पट्टीभोवती दातांची साखळी फिरते ती.

त्याने दोरी ओढली. इंजिन ढरढरू लागलं.

"ऐका! लोखंड ओरडतंय!" बाबा म्हणाला. "भुकेलंय ते! बोट मागतंय! पण माझ्यापुढे त्याची टाप आहे का? अं? आहे का?"

आणि त्याने उघडा तळवा थेट साखळीवर ठेवला. इंजिन चालूच, साखळी मात्र जागची हलेना. बायकांनी तोंडावर पदर धरले. मग बाबाने करवतीला वंदन केल्यासारखं डावं मनगट पुढे टेकवलं आणि खटका पूर्ण दाबला. इंजिन किंचाळलं, तरी साखळी ढिम्म. जळका वास सुटला, धूर निघाला.

"बघा! कुणाची तरी बाधा जळतेय! कुणाची आहे, हात वर करा!"

सात हात वर गेले. पहिला मुकादमांचा.

मग बाबाने मनगट मागे घेतलं, पुन्हा खटका दाबला, आणि तीच करवत मांडीएवढ्या ओंडक्यातून सरळ आरपार गेली. लोक वेडे व्हायचे बाकी राहिले. मला मात्र त्या करवतीची दया आली. धूर बाधेचा नव्हता, तिच्या क्लचचा होता. पण हे त्या गदारोळात कुणाला सांगता?

खेळ संपल्यावर धागे वाटले गेले. पिवळा, सुतळीएवढा जाड धागा. गवत कापायच्या मशीनच्या दांड्याला सात वेढे देऊन बांधायचा. आमच्याकडे अशी अकरा मशीनं आणि ती चालवणाऱ्या अकरा बायका. त्यांतली एक माझी धाकटी बहीण.

इथे त्या मशीनबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मशीनच्या दांड्यावर एक लिव्हर असते. ती हाताने दाबून धरली तरच मशीन चालतं. सोडली की आतला ब्रेक लागतो, इंजिन बंद पडतं आणि खालचं पातं तीन सेकंदांत थांबतं. माणूस घसरला, घेरी आली, दगड आला, काहीही झालं तरी हात सुटला की पातं थांबणार, यासाठीच ती युक्ती. पण गवत अडकलं, काटकी आली, घाम पुसायचा झाला, तरी हात सुटतोच. मग इंजिन बंद. मग पुन्हा दोरी ओढा, कधी दोनदा, कधी सहादा. माझी बहीण दिवसातून चाळीस वेळा ती दोरी ओढायची. उजवा खांदा इतका धरला होता की तिला स्वतःचे केस विंचरता येत नव्हते. आणि मुकादम घड्याळ घेऊन उभे. "तुझंच मशीन बरं सारखं बंद पडतं! तुझ्यावर कुणाची नजर आहे की काय?"

बाबाने सात वेढे दिले. कुठे दिले? लिव्हर आणि दांडा एकत्र आवळून! आता लिव्हर सुटेल कशी? मशीन बंद पडणं थांबलं. दोरी ओढणं थांबलं. आठ दिवसांत बहिणीचा खांदा मोकळा झाला.

"दादा, हे बघ!" ती घरी येऊन दोन्ही हात डोक्यावर नेऊन दाखवायला लागली. "दोन वर्षं मलम चोळलं. बाबांच्या धाग्याने आठवड्यात गेलं."

"अगं, धाग्याने नाही. दोरी ओढायची थांबलीस म्हणून गेलं. त्या धाग्याने ब्रेक बांधून टाकलाय तुझा."

"बाबा म्हणतात, धागा असेल त्याचा हात जवळ आला की पातं आपोआप थांबतं. इंजिन ओरडलं तरी ओरडू द्यायचं."

"आणि तू ऐकलंस?"

"मी पाहिलं, दादा. तूही पाहिलंस. सगळ्यांनी पाहिलं."

यावर मी रागावलो. भलतंच बोललो, अडाणी म्हणालो, आणि तिने ताट पुढ्यातून सरकवलं. दुसऱ्या दिवशी कामाच्या आधी जाऊन मी अकराही धागे कापले. दहा वाजेपर्यंत अकराही परत बांधलेले होते आणि मुकादमांनी मला बोलावून सांगितलं, "मिस्त्री, तुमचं काम दुरुस्तीचं. चालत्या मशीनला हात लावू नका."

आता एक गोष्ट कबूल करायची राहिली, ती करतो. हा धागा बाबाला सुचला कसा? वर्षापूर्वी तो करवतीच्या क्लचच्या स्प्रिंगा बदलायला माझ्याकडे आला होता. मी बाकड्यावर एका मशीनचं इंजिन तपासत होतो आणि हात मोकळे राहावेत म्हणून लिव्हर ट्यूबच्या पट्टीने बांधून ठेवली होती. पातं काढून ठेवलेलं होतं, पण बांधली होती. त्याने विचारलं, "हे कशाला हो?" मला कुणी यंत्राबद्दल विचारलं की मी खुलतो. अर्धा तास समजावलं. लिव्हर, ब्रेक, करवतीचा क्लच, सगळं. त्याने चहा पाजला. ही सगळी विद्या त्याला मी दिली, एका चहावर. तेव्हापासून मला ती गोष्ट आठवली की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

तिसऱ्या आठवड्यात गवत ओलं होतं. बहिणीच्या मशीनच्या तोंडाशी त्याचा बोळा अडकला. पातं झाकणाच्या खाली असतं, वरून दिसत नाही. तिने दांडा सोडला, वाकली, आणि हात घातला.

मला निरोप आला तेव्हा मी एक गंजलेला बोल्ट काढत होतो. पाना हातात तसाच घेऊन मी दवाखान्यात पोचलो. तर्जनी पूर्ण गेली होती, मधलं बोट अर्धं. डॉक्टरीणबाईंनी पट्टी बांधता बांधता माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "या महिन्यातला असल्या मशीनचा हा दुसरा हात," एवढंच म्हणाल्या.

बहीण रडत नव्हती. ती कोड्यात पडली होती. "दादा," ती म्हणाली, "इंजिन चालू होतं हे मला कळत होतं रे. पण करवतीचंही चालूच होतं ना?"

इतका राग, इतकी लाज आणि इतकी हतबलता मला एकदम कधी वाटली नव्हती. ती अडाणी नव्हती. तिने डोळ्यांनी पाहिलं होतं आणि त्यावर विश्वास ठेवला होता. चूक तो खेळ दाखवणाऱ्याची होती, आणि ज्याला आतलं माहीत होतं त्याने समजावून सांगायचं सोडून ताटावर भांडण केलं होतं.

पुढच्या रविवारी बाबा पुन्हा आला. गर्दी कमी झाली असेल असं वाटलं तर तुम्हीही माझ्याइतकेच भोळे. दोनशे माणसं होती.

"पोरीने हात घालताना शंका घेतली!" करवतीवर तळवा ठेवून झाल्यावर बाबा सांगत होता. "सातवा वेढा सैल होता! लोखंडाला लगेच कळतं!"

माना डोलल्या. मग मात्र मी बाकड्यावरची आमची स्वतःची करवत उचलून मधे गेलो.

"दहा मिनिटं द्या," मी म्हणालो, आणि बाजूचं झाकण खोललं. "हे वाटीसारखं आहे ना, त्याच्यावर साखळी फिरते. वाटीच्या आत हे दोन लोखंडी तुकडे. हे इंजिनला जोडलेले, वाटीला नाहीत. इंजिन हळू चाललं की स्प्रिंगा यांना आत ओढून धरतात. वाटीला स्पर्शच होत नाही, मग साखळी फिरणार कशी? खटका दाबला, वेग वाढला की हे बाहेर फेकले जातात, वाटीला घट्ट धरतात, साखळी पळते. याला क्लच म्हणतात. बाबा तळवा ठेवतात तेव्हा इंजिन हळू असतं."

"पण नंतर तर जोरात होतं!" कुणीतरी ओरडलं.

"तेव्हा बाबा मनगटाने वंदन करतात. कशाला करतात? या पुढच्या दांडीला. ती पुढे ढकलली की हा पट्टा वाटीला आवळतो, मागे ओढली की सुटतो. हा ब्रेक. तुकडे आतून घासतात, वाटी हलत नाही, आणि घासून जळतात. तीच तुमची बाधा."

झाकण बसवून मी इंजिन चालू केलं, साखळीवर कागद ठेवला. कागद तसाच राहिला. ब्रेक लावून खटका दाबला. धूर निघाला, कागद शाबूत. मला वाटलं, झालं, जिंकलो.

"कागद काय ठेवता?" ओंडक्यावरून आवाज आला. "बाबा हात ठेवतात! ठेवा हात!"

"हात ठेवणार नाही," मी म्हणालो. "स्प्रिंग तुटलेली असली तर हळू इंजिनवरही साखळी फिरते. यंत्रावर भरवसा ठेवायचा तो तपासून, आणि तरीही हात लांब ठेवून."

"घाबरला! मिस्त्री घाबरला!"

हशा पिकला. मुकादम माझ्याच खुर्चीत बसून सगळ्यांत जास्त हसले. मी तिथे बरोबर होतो, आणि बरोबर असण्याचा मला काडीचा उपयोग होत नव्हता. खरं बोलणारा सावध असतो आणि सावध माणूस गर्दीला भित्रा दिसतो. यावर काय करायचं ते मला अजून उमगलेलं नाही.

तेवढ्यात बहीण पुढे आली. उजवा हात पट्टीत, गळ्यात अडकवलेला. डाव्या हाताने तिने स्वतःचं मशीन ओढत आणलं होतं. पिवळा धागा लिव्हरवर तसाच होता.

"बाबा," ती म्हणाली, "धागा तुमचाच, बांधला तुम्ही दाखवलात तसाच. सातही वेढे घट्ट आहेत, बघून घ्या. दादा, चालू कर."

मी दोरी ओढली. इंजिन सुरू झालं.

"आता तुम्ही हात घाला. तुम्हाला तर शंका नाही ना?"

कुणी हसलं नाही. बाबाने मशीनकडे पाहिलं, धाग्याकडे पाहिलं. दोन्ही हात त्याने नकळत पाठीमागे नेले.

"आज... आज शक्तीचा विश्रांतीचा दिवस आहे."

"मघाशी करवतीवर ठेवलात की."

"ते लोखंड ओळखीचं आहे."

मागून एकजण खुदकन हसला, मग दुसरा. पाच मिनिटांत बाबाने करवत पिशवीत घातली आणि काढता पाय घेतला. तो परत आला नाही. ऐकतो की आता दुसरीकडे कुठे तरी आहे, आणि तिथे त्याचं फार छान चाललंय.

इथे गोष्ट संपली असती तर मला आवडलं असतं. पण गर्दी पांगल्यावर मी धागा कापायला कात्री काढली, तर अकराजणींतल्या थोरल्या मावशींनी माझा हात धरला.

"मिस्त्री, सगळं पटलं. बाबा लबाड होता. पण धागा काढल्यावर दोरी कोण ओढणार? तुम्ही?"

"मावशी, हात जाईल."

"आणि खांदा गेला तर? नेमून दिलेला गवताचा पट्टा वेळेत झाला नाही तर घरी बसवतील, त्याचं काय?"

मी म्हणालो, "एक वेगळं मशीन मिळतं. त्याच्या पात्याला स्वतःचा क्लच आणि ब्रेक असतो. लिव्हर सोडली की फक्त पातं थांबतं, तीन सेकंदांत. इंजिन चालूच राहतं. परत लिव्हर धरा, पातं फिरायला लागतं. दोरी ओढायला नको."

बहिणीने माझ्याकडे वळून पाहिलं. "म्हणजे बाबा सांगत होता तेच? इंजिन चालू आणि पातं थांबलेलं?"

"तेच. फक्त ते दुकानात मिळतं."

"मग मागवलं का नाहीस, दादा?"

"तीनदा अर्ज दिलाय. मुकादमांकडे आहेत तिन्ही."

सगळ्याजणींनी मुकादमांकडे पाहिलं. मुकादमांनी घड्याळाकडे पाहिलं.

चौथा अर्ज आम्ही सगळ्यांच्या सह्यांनी दिला. बहिणीने डाव्या हाताने सही केली, पहिलीतल्या मुलीसारखी वाकडी. त्याला आता पाच महिने झाले, उत्तर नाही. पिवळे धागे गेले, पण त्यांच्या जागी नायलॉनची दोरी आली आहे. ती कुणा बाबाने दिलेली नाही, बायकांनी घरून आणली आहे. मी रोज सकाळी कापतो, त्या रोज बांधतात. आता आमच्यात भांडण होत नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

म्हणून वाचणाऱ्यांना एवढंच सांगतो. यंत्र थांबतं ते ब्रेकने आणि फिरतं ते क्लचने, शक्ती लागते ती फक्त पेट्रोलची. कुणी काही अद्भुत दाखवलं तर आधी झाकण खोलायला सांगा. लोक धाग्यामागे का लागले हेही विचारा, कारण खांदा दुखत असेल तर नुसतं धाग्याला हसून भागत नाही. आणि पातं थांबलंय असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, मग तो बाबा असो नाहीतर मुकादम, तर आधी त्याला हात घालू द्या.