दुबईला पाठवलेली माणसं

सव्वीस वर्षांच्या कारकिर्दीत विभावरीबाईंनी एकूण अकरा माणसं दुबईला पाठवली होती. विमानाचं तिकीट मात्र एकालाही काढून दिलं नव्हतं. मराठी मालिकेत एखादा नट नकोसा झाला, फार नखरे करायला लागला किंवा नुसताच डोक्यात जायला लागला, की त्याच्या पात्राला दुबईत नोकरी लागायची. मारून टाकलं तर तेराव्यापर्यंतचं सगळं शूट करत बसावं लागतं. त्यापेक्षा सासूच्या तोंडी एक वाक्य टाकायचं, 'अगं, धाकटी गेली ना दुबईला,' आणि पुढच्या वाक्यात पुरणपोळीवर यायचं. प्रेक्षक आठवडाभर हळहळतात, मग विसरतात.

आता बाई स्वतःच दुबईत, करामा भागातल्या एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या. दीड वर्षापूर्वी एका सोमवारी त्यांच्याच मालिकेच्या शेवटी दिग्दर्शक म्हणून त्यांच्या सहायकाचं नाव आलं. चॅनलमधल्या मुलीने फोनवर गोड आवाजात सांगितलं, "मॅम, तुम्ही खूप थकलायत, आता जरा आराम करा." मग मुलगा अंकुर म्हणाला, "आई, थोडे दिवस ये इकडे." ते थोडे दिवस अजून चालू होते. सकाळी नातीला, केयाला, शाळेच्या बसपर्यंत सोडायचं, दुपारी कुकर लावायचा, संध्याकाळी जरा ऊन उतरलं की पार्कात दोन फेऱ्या मारायच्या. आजी काय करायची ते पोरीला कळावं म्हणून त्यांनी एकदा जुना भाग लावून दाखवला. केयाने दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "आजी, व्हाय इज एव्हरीवन टर्निंग थ्री टाइम्स?" बाईंनी टीव्ही बंद केला.

त्यामुळे तय्यबचा फोन आला तेव्हा बाईंनी होकार द्यायला क्षणभरही लावला नाही. तय्यब तिशीतला निर्माता, फोन उभा धरून बघायच्या हिंदी मालिका काढणारा. दीड मिनिटाचा एक भाग, असे सत्तर भाग, नऊ दिवसांत. अंकुर वैतागला. "आई, कमरेचा पट्टा लावून फिरतेस तू. जूनमध्ये शारजात शूटिंग? आणि तेही असली मोबाइलवरची रद्दी?"

"जन्मभर रद्दीच केली रे मी," बाई म्हणाल्या. "पण वेळेत केली."

खरं सांगायचं तर त्या थकल्या होत्याच. गुडघे, कंबर, डोळे, सगळंच कुरकुरत होतं. पण घरी बसून आलेला थकवा वेगळा असतो आणि तो त्यांना सोसत नव्हता. हे काम गेलं तर पुढचं येणार नाही, एवढं कळण्याइतकी वर्षं त्यांनी या धंद्यात काढली होती.

पहिल्या दिवशी शारजातल्या भाड्याच्या व्हिलात त्या पोचल्या, आणि सासूच्या भूमिकेसाठी साडी नेसून कोण उभं असावं? मधू. दुबईला पाठवलेल्या अकरांमधली सातवी.

बारा वर्षांपूर्वी मधू त्यांच्या मालिकेत धाकटी सून होती. तीन वर्षं होती, आणि छान होती. एकदा प्रसंग असा होता की नवरा भरल्या घरात अपमान करतो आणि धाकटी सून गॅसवरचं दुधाचं पातेलं उचलून भिंतीवर आदळते. मधू सगळ्या युनिटसमोर म्हणाली, "ताई, हे खोटं वाटतंय. बाई कितीही रडत असली तरी आधी गॅस बंद करते." लाइटवाले हसले. तिचं बरोबर होतं, हे बाईंना त्या क्षणीच कळलं, आणि तेच त्यांना झोंबलं. पन्नास पुरुषांच्या युनिटवर हुकूम चालवायला त्यांनी किती वर्षं घासली होती! त्याच संध्याकाळी त्यांनी लेखकाला सांगितलं, धाकटीला दुबईला पाठव. मधूला फोनवर सांगितलं, "वरून आलंय गं. चॅनलचा निर्णय. माझ्या हातात काही नाही." मधू कटकटी आहे, असं हळूहळू सगळीकडे झालं आणि तिला पुन्हा काम मिळालं नाही.

"मालिकेनं मला आधी पाठवलं, नवऱ्यानं नंतर आणलं," असं म्हणून मधू पहिल्या दिवशी मोकळेपणाने हसली होती. जबल अली बंदरात एका माल पाठवणाऱ्या कंपनीत ती कागदपत्रं बघायची. या नऊ दिवसांसाठी तिने वर्षभराची सगळी रजा खर्ची घातली होती. तिचं ते हसणं बाईंना चार दिवस डाचत राहिलं. रोज सकाळी त्या ठरवायच्या की आज सांगून टाकू. मग टेकवर टेक, प्रत्येक टेकला आवाज नको म्हणून एसी बंद, घामाच्या धारा, आणि त्या उभ्या चौकटीत एका वेळी एकच माणूस मावतं हे पुन्हा पुन्हा कॅमेरामनला समजावणं. सांगायचं राहूनच जायचं.

पाचव्या दिवशी दुपारी तय्यब फोन नाचवत आला. पहिले दहा भाग त्याने ॲपवर टाकून बघितले होते. "मॅडम, सास आते ही पब्लिक आगे निकल जाती है. ट्रॅक ड्रॉप. उनको कहीं भेज दो."

"कहाँ?" बाईंनी विचारलं. गोष्ट दुबईतच घडत होती.

"इंडिया भेज दो. एक लाइन डाल दो. यल्ला, जल्दी!"

मेकअपची खोली म्हणजे घरमालकाच्या मुलांची बेडरूम होती, भिंतीवर जिराफ होते. मधू पलंगावर बसून डब्यातली भेंडीची भाजी खात होती. बाई दार लावून समोरच्या छोट्या खुर्चीत कशाबशा टेकल्या.

"मधू, उद्यापासून तुझं काम नाहीये."

मधूचा घास हातातच राहिला. "वरून आलं का?"

"हो. या वेळी खरंच वरून आलंय." बाई म्हणाल्या. "त्या वेळी नव्हतं आलं. चॅनलला तू हवी होतीस. मीच काढलं तुला. ते गॅसचं बोललीस ना, म्हणून."

"माहीत आहे," मधू म्हणाली. "लेखकानं त्याच आठवड्यात सांगितलं मला."

"मग पहिल्या दिवशी मला बघून निघून का नाही गेलीस?"

"तुम्ही स्वतःहून सांगता का, ते बघायचं होतं. आणि काम पण हवं होतं हो, खोटं कशाला बोलू."

बाईंना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही. "चुकले गं मी. माफ कर मला."

"काढल्याचं नाही काही, ताई. रोज कुणाला तरी काढतात." मधूने डब्याचं झाकण लावलं. "पण तीन वर्षं राहिले मी त्या घरात. जाताना कुणी बघितलंच नाही. बॅगसुद्धा भरू दिली नाहीत."

बाई उठल्या. कंबर कळवळली, पण उठल्या.

जेवणानंतर त्यांनी एकच शॉट लावला. संवाद नाही, कट नाही. एसी बंद झाला. मधूने बॅगेत साड्या भरल्या, औषधांची डबी ठेवली, किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. बॅग ओढत दारापर्यंत गेली, थांबली, बॅग तिथेच टाकून स्वयंपाकघरात परतली आणि गॅस बंद आहे ना ते बघून आली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कॅमेरामनने बाईंकडे बघितलं, बाईंनी नुसता हात केला, चालू दे. दार लागल्यावरही त्यांनी बराच वेळ कट म्हटलं नाही.

तय्यबने शॉट बघून कपाळाला हात लावला. "मॅडम! एक मिनट चालीस सेकंद कोई बॅग भर रही है? आठ सेकंद रखेंगे."

सव्वीस वर्षं बाई अशा वेळी 'ठीक आहे' म्हणत आल्या होत्या. आताही ते ओठांवर आलं होतं.

"नहीं," त्या म्हणाल्या. "पूरा रहेगा. नहीं तो मैं नहीं रहूँगी."

तय्यब वाईट माणूस नव्हता. चिडलाही नाही. उलट त्याने बाईंना खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि मऊ आवाजात म्हणाला, "मॅडम, आप बहुत थक गई हैं. घर जाके आराम कीजिए. बाकी मैं संभाल लूँगा, इन्शाल्ला."

बाई पाणी प्यायल्या. शॉटचं तो काय करणार हे त्यांना ठाऊक होतं, फुटेज त्याचं होतं.

जिराफांच्या खोलीत येऊन त्यांनी आपलं सामान गोळा करायला घेतलं. चष्म्याची दोन घरं, चहाचा थर्मास, खुणांनी भरलेली संहिता, सपाता. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. बाई घाईघाईने हाताला येईल ते पिशवीत कोंबायला लागल्या, थर्मासचं झाकण घरंगळत पलंगाखाली गेलं.

मधूने ते काढून दिलं. मग आपली पर्स मांडीवर घेऊन ती पलंगावर नीट बसली.

"वाजवू दे त्याला. सावकाश भरा, ताई," ती म्हणाली. "मी बघतेय."