भिंगरीचा घोटा

पात्रता फेरीच्या शेवटच्या सामन्यात काडी हरली, तरी तिने बॅग भरली नाही. मुख्य स्पर्धेतल्या कुणी आयत्या वेळी माघार घेतली, तर हरलेल्यांतल्या पहिल्या नावाला ती जागा मिळायची आणि ते पहिलं नाव काडीचं होतं. पण माघार घेणार कोण? सगळ्या पोरी वरवर ठणठणीत. आता पहिल्या फेरीचा एकच सामना उरला होता, दुपारचा. तो होता भिंगरीचा.

भिंगरी तिची जिवाभावाची मैत्रीण. शाळकरी वयापासून दोघी गावोगावच्या टेनिस स्पर्धांना एकत्र जात, एकाच खोलीत राहत. ती कोर्टावर गरगर फिरे म्हणून भिंगरी; हिच्या अंगावर मूठभर मांस नाही म्हणून काडी. काल सरावात भिंगरीचा घोटा मुरगळला, तेव्हा कोर्टावर या दोघीच होत्या.

"कुणाकडे बोलायचं नाही हं," भिंगरी दात आवळून म्हणाली होती.

सकाळी घोटा सुजून वांग्यासारखा जांभळा झाला. काडी गुडघ्यांवर बसून त्यावर बर्फ धरत होती. हिने खेळू नये, असं तिला आतून वाटत होतं. का वाटतंय, हे स्वतःला विचारायची मात्र तिची छाती होईना.

नाश्त्याला मामाने तिला गाठलं. लहानपणापासून तोच तिला खेळ शिकवत आलेला.

"तुझी मैत्रीण लंगडतेय."

"छे, कुठे?"

"मला शेंड्या लावू नकोस. जिना कशी उतरली, बघितलंय मी. तिला म्हणावं, पाय सांभाळ. खोटं थोडंच आहे?"

काडी ताट ठेवून उठली. गोष्ट खरीच होती, पण मामाच्या तोंडून आली आणि लबाडीची वाटू लागली.

दुपारी कपडे बदलायच्या खोलीत भिंगरी बुटाची नाडी हातात धरून नुसतीच बसली होती.

"काडे, खेळू का गं?"

"मला नको विचारूस. डॉक्टरांना दाखव."

"ते बघताक्षणी नाही म्हणतील. बाबांना विचारलं, तर म्हणतील पाय तुटला तरी खेळ. तू पाहिलंयस सगळं. तू सांग. शपथ आहे तुला."

'खेळ' म्हणून मोकळं व्हावं, असं काडीला वाटलं. किती चांगली मैत्रीण दिसली असती ती! पण मघाशी सरावात भिंगरीचा उजवा पाय टेकला की तिचा चेहरा पांढराफटक पडत होता.

"नको खेळूस," काडी म्हणाली. "आज खेळलीस, तर अख्खं वर्ष घरी बसशील."

भिंगरीने तिच्याकडे रोखून पाहिलं. "जागा कुणाला जाईल, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. म्हणूनच तोंड उघडवत नव्हतं."

भिंगरी उठली. भिंतीला धरत धरत पंचांच्या कार्यालयाकडे गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

थोड्याच वेळात मामा रॅकेटी काखेत मारून धावत आला. "चल, ऊठ! पुकारलं तुला!"

पहिला सेट काडीने हातचा घालवला. सर्व्हिस करताना चेंडू हातातून निसटत होता; दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खातेय असं वाटत होतं. दुसऱ्या सेटमध्ये समोरचीने एक अगदी सोपा चेंडू बाहेर मारला आणि स्वतःशीच हसली. आपल्याला ही मोजतच नाही, हे काडीला झोंबलं. तिथून ती पेटली. प्रत्येक चेंडूमागे जीव खाऊन पळाली. तिसरा सेट संपला, तेव्हा मामा लहान मुलासारखा रडत होता. मुख्य स्पर्धेतला तिचा हा पहिलाच विजय.

खोलीत भिंगरी पायाला प्लास्टर घालून पडली होती.

"घोट्यातलं लिगामेंट फाटलंय," ती म्हणाली. "तुझंच बरोबर होतं."

"भिंगरे..."

"जिंकलीस, बरं वाटलं. खरंच. पण आज माझ्याशी बोलू नकोस. आज तुझं तोंडसुद्धा बघवत नाहीये मला."

काडीने उशी उचलली आणि मामाच्या खोलीत जाऊन सतरंजीवर आडवी झाली. "भांडलात?" मामाने विचारलं. ती भिंतीकडे वळली.

सकाळी ती बूट न्यायला परत आली. भिंगरी डोक्यावरून पांघरूण घेऊन पडली होती. काडी पाय न वाजवता दारापर्यंत पोचली, तेवढ्यात पांघरुणाखालून आवाज आला.

"आजच्या सामन्यातल्या तुझ्या त्या उंच बाईला खाली वाकून खेळता येत नाही. चेंडू जमिनीलगत ठेव."

"बरं," काडी म्हणाली.

"आणि जाताना दार लावून घे."