समुद्राचा आकडा

कुणाला खरं वाटणार नाही, पण अरबी समुद्र आमच्या पारनेरात, माझ्या मधल्या खोलीत, सव्वा वर्ष मुक्कामाला होता. माशांचा वास तेवढा आला नाही.

दिशा, माझी लेक, पुण्याच्या एका संस्थेत समुद्राचं गणित करायची. कॅन्सर हाडात उतरला तेव्हा ऑफिसनं कॉम्प्युटरचं मशीनच घरी धाडलं. त्यात अख्खा समुद्र होता: वारा, मीठ, प्रवाह, आणि डोळ्यांना न दिसणारी बारीक हिरवी वनस्पती. ती वाढते, थोडी किडे खातात, थोडी आपोआप मरते. रोज किती मरते हे कुणालाच मोजता येत नव्हतं. मग अंदाजानं आकडा घालायचा, मशीनमधला समुद्र दहा वर्षं पुढं चालवायचा आणि उपग्रहानं टिपलेल्या हिरव्या रंगाशी ताडून बघायचा. एका खेपेला आठ दिवस लागत.

"अण्णा, रंग जुळला," एकदा म्हणाली. चेहरा मात्र पडलेला.

"मंग तोंड का असं?"

"मरण्याचा आकडा मी कमी धरलाय अन् खाण्याचा जास्त. दोन चुका एकमेकींना झाकतायत."

मी नागापूरच्या कारखान्यात तीस वर्षं पंप तपासले. म्हटलं, "आमच्याकडं बी हुतं की! इंपेलर, म्हंजी पानी ढकलनारं आतलं चाक, झिजलेला अन् व्होल्टेज जास्त, की पाणी बरोब्बर पडतं. पंप पास! शेतात गेला की बोंबलतो. नुसत्या पान्यावर इस्वास ठिवू नको पोरी, करंट बी मोज."

ती खूप दिवसांनी हसली. रंगासोबत जहाजांनी मोजलेला खोल पाण्यातला ऑक्सिजनही ताडायचा, असं ठरवून तिनं नवी खेप लावली. डॉक्टरांनी तेव्हा पंधरवडा सांगितला होता. "एवढा आकडा निघू दे," म्हणायची, "मग न्या मला कुठं न्यायचं तिकडं."

परवा तिच्या ऑफिसातला ओम मशीन न्यायला आला. चहा तसाच निवत ठेवून म्हणाला, "काका, शेवटची खेप पुरी झाली होती का? झाली असेल तर तिच्या नावानं तोच आकडा वापरू. नाहीतर जुनाच चालू राहील."

"झाली की!" मी म्हणालो. "सकाळच्या पारी पडद्यावर उमटला. शून्य पॉइंट शून्य सहा. रंग जुळला, ऑक्सिजन जुळला. मला हाक मारली, म्हनली, अण्णा, बघा. मंग पेढा मागितला. अर्धा खाल्ला, अर्धा मला दिला, अन् पडद्याकडं बघता बघता गेली."

ओमनं वही काढली. "शून्य सहा? नक्की?"

"चष्मा लावून वाचला मी. बाजूला हिरवागार समुद्र हालत हुता."

त्यानं लिहायला घेतलं. माझं काळीज सुपाएवढं झालं.

"लिहू नका, सायेब," राहीबाई, माझी बायको, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "खोटं हाय ते. आठातले सहाच दिस झाले हुते. अग्नी द्यायला पुतण्या येईस्तवर तिला ठिवायला लाइटीवरची थंड पेटी आनली, अन् पिन लावायला दुसरा बोर्ड न्हवता. मशीनची वायर ह्यांनीच उपसली."