तीन कप

मथुराबाईंनी पट्टी कागदावर टेकवली, डाव्या हाताच्या दोन बोटांनी घट्ट दाबून धरली आणि पेन्सिल तिच्या कडेला लावली. तेवढ्यात समोरून एक हात आला आणि पट्टी अलगद उचलून घेऊन गेला.

"काकू, पट्टी नाही चालत इथे," निधी हसत म्हणाली.

"पट्टीशिवाय रेघ कशी यायची?"

"येईल तशी येऊ द्या ना."

येईल तशी. मथुराबाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि उजवा हात टेबलाखाली, मांडीवर घेतला.

बंगळूरात बेळ्ळंदूरच्या त्यांच्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये दर शनिवारी सकाळी दहाला आठ-नऊ बायका आणि दोन निवृत्त गृहस्थ जमत. निधी मूळची नागपूरची. आठवडाभर ती कंपनीत मोबाइल अ‍ॅपची डिझाइनं करायची आणि शनिवारी शेजाऱ्यापाजाऱ्यांना कागद-रंगांशी खेळायला बसवायची. तिचे नियम तीनच होते. खोडरबर नाही, पट्टी नाही, दुसऱ्याचं बघून काढायचं नाही. शेवटच्या दहा मिनिटांत प्रत्येकाने आपापल्या वहीत दोन ओळी लिहायच्या, आज काढताना काय वाटलं ते. कोणी कोणाची वही वाचायची नाही.

बाकीचे तिथे खेळायला येत. मथुराबाई कामाला येत.

एकतीस वर्षं त्या एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये ट्रेसर होत्या. इंजिनिअरांनी पेन्सिलीने काढलेल्या आकृतीवर पारदर्शक कागद ताणून बसवायचा आणि शाईच्या पेनाने रेघ न् रेघ वर उतरवायची. कुठे शाई फुटली तर दाढीच्या ब्लेडच्या तुकड्याने तेवढाच डाग खरवडून काढायचा. मथुराबाईंना ब्लेड क्वचितच लागे. 'अक्कांची रेघ' असं सगळं सेक्शन म्हणायचं, आणि अवघड काम आलं की ते न विचारता त्यांच्या टेबलावर येऊन पडायचं.

ती रेघ गेल्या दिवाळीत त्यांच्या हातून निसटली. दारात ठिपक्यांची रांगोळी काढताना दोन ठिपके जोडायला बोटं पुढे गेली आणि मध्येच थरथरली. रेघेला दात फुटले. "भुकटी दमट आहे," असं म्हणून त्यांनी ती हाताने पुसून टाकली. मग कुलपात किल्ली जाईना. मग सुईत दोरा. मुलाला, देवव्रतला, सांगितलं असतं तर त्याने उभ्या उभ्या डॉक्टरची वेळ घेतली असती, आणि डॉक्टरने एकदा काहीतरी नाव दिलं की तो हात आजारी ठरला असता. मथुराबाईंनी मनाशी ठरवलं होतं की तसं काही नाही. सात वर्षं घरी बसून हाताची सवय मोडली आहे, इतकंच. मोडलेली सवय पुन्हा लावता येते.

म्हणून त्यांनी निधीच्या वर्गात नाव घातलं. शिवाय घरी देवव्रत ऑफिसला गेला आणि सून भूमिका आपल्या खोलीत लॅपटॉपवर मीटिंगला बसली की त्या दार लोटून घेत आणि हाताने वीस रेघा मारत. एकही दिवस चुकवला नव्हता. वहीतल्या दोन ओळीही त्याच हिशेबाच्या असत. 'आज वीस. सात बऱ्या.' त्यानंतरच्या शनिवारी, 'वीस. पाच.' आज त्यांनी लिहिलं, 'वीस. तीन.' आणि वही मिटली.

"आता आठवड्याचं काम ऐका," निधी टाळी वाजवून म्हणाली. "घरात रोज हाताशी येणारी एक वस्तू निवडायची. सात दिवस तीच काढायची. पेनाने. आणि एकदा पेन टेकवलं की चित्र पुरं होईपर्यंत उचलायचं नाही."

"वाकडं झालं तर?" कोणीतरी विचारलं.

"होऊ द्या वाकडं. फक्त समोर आहे तेच काढा. मनातलं नका काढू."

सगळे पांगल्यावर मथुराबाई मागे राहिल्या. निधी ब्रश धूत होती.

"स्वल्प विचारू का? तू मला हाताने सरळ रेघ मारायला शिकवणार आहेस की नाही?"

निधीने नळ बंद केला. तिने खरोखर विचार केला असावा, कारण उत्तर यायला वेळ लागला. "काकू, मलाच नाही येत ती," ती म्हणाली. "कधीच नाही आली."

मथुराबाई घरी आल्या त्या चिडूनच. जिला रेघ येत नाही तिच्याकडे आपण दोन महिने जातो आहोत! पण हातात घेतलेलं काम अर्धवट टाकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. सोमवारी सकाळी त्या बाल्कनीत कागद घेऊन बसल्या.

वस्तू म्हणून त्यांनी चहाचा कप निवडला. त्यालाही कारण होतं. मथुराबाईंचं घराणं कित्येक पिढ्या बंगळूरातलं. त्यांच्या माहेरी, सासरी, दोन्हीकडे स्टीलच्या लोट्यात काठोकाठ भरून चहा-कॉफी देण्याची रीत. भूमिका पुण्याची. सुरुवातीला तीही लोटाच द्यायची, पण अलीकडे तिने त्यांच्यासाठी मोठ्या कानाचा एक जाडजूड कप काढला होता आणि त्यात मोजून अर्धा कप चहा ओतायची. तो संपला की दहा मिनिटांनी येऊन विचारायची, "आई, अजून थोडा देऊ?" मथुराबाई कन्नड वळणाने "सरी, दे" म्हणत. बहिणीला मात्र फोनवर त्यांनी सांगितलं होतं, "पुण्याची ना ग ती! अर्ध्या कपाच्या वर हात जात नाही." बहीण खूप हसली होती.

सोमवारचा कप भयंकर निघाला. न उचलता फिरवलेलं पेन कपाच्या काठावरून कुत्रं चावल्यासारखं गेलं. मंगळवारी त्यांनी श्वास रोखून काढला, तर जास्तच बिघडला. ब्लेडचा तुकडा हवा होता असं वाटून त्यांनी तो कागद पालथा ठेवला. रोजच्या वीस रेघा चालूच होत्या.

बुधवारी काठ काढताना त्यांच्या लक्षात आलं की आपण समोरच्या कपाकडे बघतच नाही आहोत. सेक्शनमध्ये शेकडो वेळा उतरवलेला लंबगोल आठवणीतून काढतो आहोत. त्यांनी मान वर करून कपाकडे नीट पाहिलं. कान थोडा तिरका बसवला होता. काठाला एका जागी झिलई नव्हती. त्यांनी तिरका कान तिरकाच काढला. गुरुवारी चित्र पुरं झालं तेव्हा चहा थंड झाला होता. त्या दिवशी कोणी सांगितलं नसताना त्यांनी वही उघडून लिहिलं, 'आज हाताकडे लक्ष नव्हतं. कपाकडे होतं.' लिहून झाल्यावर त्यांना जरा लाजल्यासारखं झालं. त्या दिवशी वीस रेघा मारायच्या राहून गेल्या, हे त्यांना संध्याकाळी आठवलं.

रविवारी देवव्रत घरी होता. तिघांचा चहा एकदमच बाल्कनीतल्या टेबलावर आला. देवव्रत खुर्चीत रेलून फोनमध्ये काहीतरी वाचत होता. आत भूमिकाला तिच्या आईचा पुण्याहून फोन आला, म्हणून ती उठून गेली. आठवड्याचा शेवटचा कागद होता. टेबलावर तीन कप आहेत तर तीनही काढू, असं म्हणून मथुराबाईंनी पेन टेकवलं.

आधी देवव्रतचा. काठ, आणि काठाच्या जेमतेम खाली चहाची कड. तिथून पेन टेबलाच्या कडेने सरकत भूमिकाच्या कपाकडे गेलं. तोही तसाच, भरलेला. तिने अजून तोंड लावलं नव्हतं, वर साय धरू लागली होती. मग स्वतःचा. काठ. काठापासून खाली, आणखी खाली, कपाच्या पोटाशी चहाची कड.

पेन तिथेच थांबलं. कागदावर शाईचा ठिपका पसरत गेला.

मथुराबाईंनी कागदाकडे पाहिलं आणि मग कपांकडे. पुन्हा कागदाकडे. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या आकृत्या उतरवल्या होत्या. तीन भागांपैकी एकाचंच माप वेगळं असेल, तर ते चुकून पडलेलं नसतं, कोणीतरी विचार करून दिलेलं असतं. देवव्रतच्या कपाचा कान इतका लहान होता की त्यात एकच बोट जाई. त्यांच्या कपाच्या कानात चार बोटं बसत. ताटातला आमटीचा खोलगट वाडगा त्यांना आठवला, जाड दांड्याचा चमचा आठवला. तेही फक्त त्यांच्याच ताटात असत.

देवव्रत चहा संपवून अंघोळीला गेला. भूमिका फोन ठेवून बाहेर आली आणि सवयीने म्हणाली, "आई, अजून थोडा देऊ?"

"बस इथे."

भूमिका बसली. मथुराबाईंनी कागद तिच्याकडे सरकवला. तिने चित्र पाहिलं, एकेका कपावरून बोट फिरवलं, आणि तिसऱ्या कपाशी तिचं बोट अडलं. तिने वर पाहिलं नाही.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"रांगोळीच्या दिवसापासून," भूमिका हळूच म्हणाली. "मी पणती घेऊन मागेच उभी होते."

"मग बोलली नाहीस ती?"

"तुम्ही बोलला नाहीत ना. मला वाटलं, तुम्हाला सांगायचं असेल तेव्हा सांगाल." ती थांबली. "मध्ये एकदा तुमच्या साडीवर गरम चहा सांडला होता. तुम्ही पटकन आत जाऊन साडी बदललीत. मग मला दुसरं काही सुचलं नाही."

"देवव्रतला?"

"नाही सांगितलं. ते तुम्हीच सांगायचं."

खाली पार्किंगमध्ये कोणाची तरी गाडी मागे येताना टिंगटिंग वाजत होती. बहिणीचं ते हसणं मथुराबाईंच्या कानात आलं, आणि त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पदराने पुसला. तो पुसायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"मी तुला पुण्याची म्हणून काय काय बोलले आहे, ते तुला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या.

"थोडं ठाऊक आहे," भूमिका म्हणाली. "तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता, आई."

मथुराबाईंनी तिच्याकडे पाहिलं. आधी भूमिकाला हसू आलं, मग त्यांना.

संध्याकाळी त्यांनी देवव्रतला समोर बसवून सगळं सांगितलं. आठवडाभराचे सातही कागद त्याच्यापुढे ओळीने मांडले आणि कुठे हात जास्त हलला, ते एखाद्या नकाशावरची गावं दाखवावीत तसं बोट ठेवून दाखवलं. त्याने ताबडतोब फोन हातात घेतला.

"ठेव तो," त्या म्हणाल्या. "मंगळवारची वेळ मी घेतली आहे. भूमिका येते आहे बरोबर."

डॉक्टर पद्मनाभ चाळिशीचे, सावकाश कन्नडमध्ये बोलणारे. त्यांनी मथुराबाईंना हात पुढे धरायला लावले, नाकाला बोट लावून दाखवायला सांगितलं, पाण्याचा पेला उचलायला सांगितला. मग एक कोरा कागद आणि पेन पुढे केलं.

"अम्मा, मनगट टेबलाला टेकवायचं नाही. मधून सुरुवात करून गोल गोल बाहेर यायचं. चक्कुली असते ना, तशी काढा."

मथुराबाईंनी पेन उचललं. पट्टी नव्हती, कंपास नव्हता, खाली उतरवून घ्यायला कोणाची आकृतीही नव्हती. भूमिका खुर्चीत पुढे सरकून बसली. पेन मधून निघालं, थरथरत पहिला वेढा झाला, दुसरा झाला. तिसऱ्या वेढ्याला हात जोरात हलला, पण त्यांनी पेन उचललं नाही. कागदाच्या कडेपर्यंत आल्या आणि मगच थांबल्या.

डॉक्टरांनी कागदाला हात घातला, तर मथुराबाईंनी तो धरून ठेवला. मान तिरकी करून त्या सगळ्या वेढ्यांकडे, त्यांच्या दातेरी कडांकडे बघत राहिल्या.

"भूमिका, बघ," त्या मराठीत म्हणाल्या. "काटा कसा छान आलाय चकलीला."

भूमिकाने तोंडावर हात ठेवला. डॉक्टरांनी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा मथुराबाईंनी त्यांना कन्नडमध्ये समजावून दिलं, आणि तेही हसले. मग त्यांनी सरळच सांगितलं. हा कंप असा आहे की त्याने जिवाला धोका नाही. गोळीने कमी होईल, पण पुरता जाणार नाही. वयाबरोबर थोडा थोडा वाढेलही.

"म्हणजे पहिल्यासारखी रेघ येणार नाही?"

"पहिल्यासारखी नाही, अम्मा."

मथुराबाईंनी मान डोलावली. भिंतीवरच्या पंख्याचा वारा टेबलावरचा कागद उचलू पाहत होता, तो त्यांनी उजव्या तळव्याने दाबून धरला. हात हलत होता आणि त्याखाली कागदही हलत होता. त्यांनी हात टेबलाखाली घेतला नाही.

"आता डाव्या हाताने एक," डॉक्टर दुसरा कागद पुढे करत म्हणाले. "नोंदीसाठी लागतो."

डाव्या हाताने मथुराबाईंनी आयुष्यात फक्त पट्टी धरली होती. त्यांनी पेन त्या हातात घेतलं, बोटं दोनदा बदलून पाहिली, आणि पुढ्यातला कागद निरखून बघितला.

"हा लहान पडेल," त्या म्हणाल्या. "मोठा आहे का?"