दोनशे रद्द

हेमराजभाऊंची केळीची तीन हजार रोपं दुसऱ्याच शेतकऱ्याच्या गाडीत भरून गेली, आणि ठपका बेबाबाईंवर आला.

पारोळ्याजवळच्या त्या रोपवाटिकेत बेबाबाई एकोणीस वर्षं कामाला होत्या. शेडमधली रोपं रोज नजरेखालून घालायची, पिवळी पडलेली, वाकडी वाढलेली वेगळी काढायची आणि त्यांच्या जागी चांगली ठेवायची, हे त्यांचं काम. पूर्वी त्याची नोंद वहीत व्हायची. यंदा उन्हाळ्यात मालक लीलाधरभाऊंनी फोनवरचा एआय मदतनीस घेतला. त्याला तोंडी सांगायचं, पुढचं तो करायचा. त्या सकाळी बेबाबाईंनी फोन तोंडाजवळ धरून सांगितलं, "हेमराजभाऊंची दोनशे रद्द." त्यांच्या बोलण्याचा अर्थ, दोनशे रोपं खराब निघाली, बदलून टाका. मदतनीसाने हेमराजभाऊंची अख्खी ऑर्डरच रद्द केली. त्यांचे ट्रे मोकळे दिसू लागले आणि दुसऱ्या दिवशी चोपड्याच्या एका शेतकऱ्याला देऊन झाले.

तिकडे यावलजवळ हेमराजभाऊ कांदेबागेच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळीच्या, लागवडीसाठी ठिबकच्या नळ्या पसरून बसले होते. गाडी कुठवर आली, म्हणून त्यांनी लीलाधरभाऊंना फोन केला. उत्तर ऐकल्यावर ते भांडले नाहीत, नुसतं 'बरं' म्हणून त्यांनी फोन ठेवला. लीलाधरभाऊंना तेच जास्त लागलं. त्यांनी बेबाबाईंकडून रोपवाटिकेचा फोन काढून घेतला आणि यापुढे तुम्ही फक्त रोपंच बघा, असं सांगितलं.

मदतनीस तयार केला होता धुळ्यातल्या, देवपुरातल्या एका लहानशा कंपनीने. तक्रार आल्यावर तिथल्या प्रमुख रविंद्र सरांचं मत पडलं की मदतनीसामागचं मॉडेलच कच्चं आहे, जास्त हुशार बसवू. दीपमाला तिथे तीन वर्षं काम करत होती. तिने आधी मदतनीसाने त्या सकाळी काय काय केलं, त्याची नोंद उघडून वाचली. त्याच्याजवळ पाच टूल होती, म्हणजे त्याला करता येतील अशी पाच कामं. कोणतं टूल कधी वापरायचं, हे त्याला शेजारी लिहिलेल्या वर्णनावरूनच कळणार. एका टूलपुढे लिहिलं होतं, 'रद्द करते.' दुसऱ्यापुढे, 'रोपे बदलते.' काय रद्द करते, कोणती रोपं कधी बदलते, काहीच नाही. बेबाबाई 'रद्द' म्हणाल्या आणि त्याने 'रद्द' उचललं.

दोन्ही ओळी दीपमालानेच लिहिल्या होत्या, एका शनिवारी, घरी जायच्या घाईत. रोपवाटिका तिने तोवर पाहिलीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती एसटीने पारोळ्याला गेली. लीलाधरभाऊंनी चहा मागवला आणि आमच्या बाईमुळे तुम्हाला त्रास झाला, असं काहीसं बोलू लागले. बेबाबाई दारातच उभ्या होत्या. दीपमालाने कप खाली ठेवला.

"भाऊ, चूक अक्कांची नाही. त्या बरोबर बोलल्या. मी लिहिलं ते अपुरं होतं."

लीलाधरभाऊंनी खण उघडून फोन टेबलावर ठेवला. बेबाबाईंनी तो लगेच उचलला नाही.

मग दोघी शेडमध्ये उलट्या क्रेटवर बसल्या. दीपमालाने पाचही वर्णनं वाचून दाखवली. ती संपायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

"इतलंच?" बेबाबाई म्हणाल्या. "नवी बाई कामले उनी तं तिले मी इतलंच सांगू का?"

मग कामाला आलेल्या नव्या बाईला काय सांगता, असं दीपमालाने विचारलं. बेबाबाई सांगत गेल्या आणि ती लिहीत गेली. काम कशासाठी आहे ते आधी सांगायचं. मग ते कधी करायचं, आणि कधी अजिबात हात लावायचा नाही. इथली माणसं कोणत्या शब्दाचा काय अर्थ धरतात, तेही सांगायचं, नाहीतर बाहेरून आलेली बाई गोंधळते. दुपारपर्यंत 'रद्द करते'च्या जागी हे आलं: 'शेतकऱ्याची पूर्ण ऑर्डर कायमची बंद करते. शेतकऱ्याने स्वतः नको म्हटलं, तरच वापरा. शेडमधून कोणी "इतकी रद्द" म्हणालं, तर तेवढी रोपं खराब निघाली असा अर्थ होतो. तेव्हा हे टूल वापरू नका, "रोपे बदला" वापरा. शंका असेल तर आधी विचारा.'

कोणाला विचारायचं, असा प्रश्न आला. बेबाबाईंनी आपला नंबर दिला.

पहिल्या आठवड्यात त्यांना मदतनीसाचे दिवसाला तीस-तीस प्रश्न येऊ लागले. ट्रे मोजू का, तारीख लिहू का. शेवटी त्यांनीच देवपूरला फोन लावला.

"बेटा, बठ्ठं मालेच इचारस तो. मी रोपं कव्हय पाहू?"

दीपमालाला हसू आलं, पण तक्रार खरी होती: सगळंच त्यांना विचारत बसला, तर त्या रोपं कधी बघणार? 'शंका' म्हणजे नेमकं काय, हे तिने लिहिलंच नव्हतं. तिने दोनदा बदल केले. ऑर्डर बंद होणार असेल किंवा रोपं एकाची दुसऱ्याला जाणार असतील, तेव्हाच विचारायचं, बाकीचं आपणच करायचं, असं ठरल्यावर दिवसाला एखादाच प्रश्न उरला.

हेमराजभाऊंना वीस दिवस उशिरा रोपं मिळाली. बेबाबाईंनी ती एकेक निवडून भरली होती. लागवड लांबली ती लांबलीच, त्याला कोणाचा इलाज नव्हता. पुढच्या वर्षी रोपं तुमच्याकडूनच नेईन, पण बोलेन बेबाबाईंशीच, असं त्यांनी लीलाधरभाऊंना सांगितलं.

महिन्याभरात कंपनीला पाचोऱ्याच्या एका कापूस व्यापाऱ्याचं काम मिळालं. वर्णनं लिहायला घेण्याआधी तिथल्या माणसांजवळ बसायला दीपमालाने चार दिवस मागितले. रविंद्र सरांनी दोन दिले.