तिसऱ्या सीटवरची पाहुणी

कॉकपिटमध्ये दोन पायलटांच्या मागे एक घडीची सीट असते. तिला जंपसीट म्हणतात. ज्याला तिचा हेवा वाटतो त्यानं एकदा तास-दीड तास बसून बघावं, पाठीचा पार भुगा होतो. विमान भरलेलं असेल आणि सुट्टीवरच्या पायलटला कुठं पोचायचं असेल, तर तो तिथं बसून जातो. पण तो हक्क नव्हे. कंपनीचा कागद हातात असला तरी कॅप्टनसमोर उभं राहून तोंडानं विचारावं लागतं. तो नाही म्हणाला, तर कारण न विचारता खाली उतरायचं. कपडे नीटनेटके हवेत. झोपायचं नाही. दहा हजार फुटांच्या खाली उगाच अवाक्षर काढायचं नाही, आणि उडवणाऱ्याच्या उडवण्यावर तर कुठंच बोलायचं नाही. केबिनमधल्या पोरींना खाऊचा डबा न्यायचा. यातलं निम्मं नियमात आहे, निम्मं एकमेकांच्या तोंडून कळतं, आणि या दुसऱ्या निम्म्याचाच धाक जास्त.

मी पायलट झाले तेव्हा मला हे कुणी शिकवावं लागलं नाही. माझे अब्बा, गौस नदाफ, एसटीचे ड्रायव्हर. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जयसिंगपूरच्या गाडीवर जायचे, केबिनमध्ये बोनेटशेजारी बसून. ड्युटी संपलेले ड्रायव्हरही तिथंच बसून गावी जायचे. अब्बांचा सगळ्यांना एकच कायदा होता. ‘‘केबिनमध्ये बसणाऱ्यानं पेंगायचं न्हाय, बघून ड्रायव्हरलाबी पेंग येती. गाडी कशी हाकायची ते शिकवायचं न्हाय. पण फुडं काय दिसलं आन् ड्रायव्हरचं ध्यान नसलं, तर वरडायचं. मग ड्रायव्हर कुणी का असंना.’’ मी आठ वर्षांची असताना एकदा म्हशीसाठी ओरडले होते. म्हैस रस्त्याच्या पलीकडच्या कडेला नुसती उभी होती. अब्बांनी ब्रेक मारला, सगळी गाडी मला हसली, पण अब्बा हसले नाहीत. ‘‘ब्येस केलंस,’’ म्हणाले.

अब्बा गेले तेव्हा मी हैदराबादला होते. अब्बा फजरच्या, पहाटेच्या नमाजाला उठले आणि तिथंच बसले, बस्स. भाईचा, म्हणजे शहजादचा, सकाळी फोन आला. ‘‘असरनंतर माती हाय. तवर थांबतो आमी. त्याफुडं थांबवत न्हाय, पाऊस लागलाय.’’ असरची नमाज म्हणजे सव्वापाच. दुपारचं कोल्हापूरचं विमान साडेतीनला पोचतं. उजळाईवाडीच्या विमानतळावरून कसबा बावड्यातल्या आमच्या घरी पाऊण तास. मला अब्बांचं तोंड बघायचं होतं. दुसरं काहीच मागत नव्हते मी.

विमान भरलेलं होतं. मी युनिफॉर्म घातला, टाय बांधला आणि विमानतळावर बिस्किटांचा डबा घेतला. बाप घरात कफनात पडलाय आणि ही बया रांगेत उभी राहून बिस्किटं घेतेय! आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं. पण रीत म्हणजे रीत.

कॅप्टन सम्राट घोरपडे. राहणार कोल्हापूर, वीस वर्षं उडवतायत. दारात उभी राहून मी विचारलं, ‘‘सर, जंपसीटवर येऊ का?’’ सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ‘‘इच्यारतीस काय पोरी? आपल्या गावची हायेस. बस. साडेचारच्या आत तुला घरात सोडतो का न्हाय बघ.’’ मला रडू आलं. त्या क्षणी तो माणूस मला देव वाटला, हेही खरं आहे, लपवणार नाही.

शेजारी को-पायलट तेजस्वी. नोकरीला आठ महिने झालेली, कोरी करकरीत. तिनं मागे वळून माझा हात दाबला.

कोल्हापूर जवळ आलं तेव्हा खाली नुसते ढग. कंट्रोल टॉवरनं सांगितलं, पावसाची सर आहे, वाट बघा. घोरपडेंनी घड्याळ बघितलं. मग डावीकडं ढगात एक फट दिसली आणि फटीतून धावपट्टीचं टोक. ‘‘ती बघ,’’ ते म्हणाले, ‘‘घुसतोच आता.’’ त्यांनी टॉवरकडून परवानगी घेतली आणि नाक खाली दाबलं.

आम्ही फार उंचावर होतो. उंचावरून घाईनं खाली यायचं म्हणजे वेग वाढणार, ते कुठल्याही पायलटला कळतं. हजार फुटांवर वेग पंचवीस नॉट जास्त. आठशेला तेवढाच. पाचशे फुटांपर्यंत सगळं जागेवर आलं नाही तर उतरायचं नाही, पुन्हा वर जायचं. हा नियम पहिल्या दिवशी शिकवतात, आणि असं झालं तर ‘गो अराउंड’ म्हणणं हे को-पायलटचं काम. मी तेजस्वीकडं बघितलं. तिची नजर आकड्यांवर होती. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

सहाशे. अजून वीस नॉट जास्त. धावपट्टी ओली. मागं अठ्ठावन्न माणसं. चढताना एक बाई मांडीवरच्या बाळाला टोपी घालत होती, ती दिसली मला. आणि पुढं, काचेतून, माझं गाव. पंचगंगा, बावड्याच्या साखर कारखान्याची चिमणी, आणि चिमणीच्या अलीकडं कुठंतरी आमची गल्ली, जिथं अब्बांना आंघोळ घालून ठेवलं होतं. या विमानात खाली उतरायची घाई माझ्याइतकी कुणालाच नव्हती. बोल ना गं तेजस्वी, बोल! तूच बोल. माझ्यावर आणू नकोस.

पाचशे.

‘‘गो अराउंड!’’ मी ओरडले.

घोरपडेंचे हात आपोआप चालले. तेवढं श्रेय मी त्यांना देईन, ओरडा ऐकल्यावर वाद घातला नाही. इंजिनं गरजली, गाव खाली सरकलं आणि ढगात गेलं. वर वीस मिनिटं घिरट्या घातल्या. फट पुन्हा उघडलीच नाही. मग बेळगाव.

बेळगावला प्रवासी उतरेपर्यंत घोरपडे थांबले. मग सीटवर वळून बसले.

‘‘जंपसीटवर बसायची एक रीत असती.’’

‘‘ठाऊक आहे, सर.’’

‘‘तू पायलट म्हणून बसली न्हवतीस. पावणी म्हणून बसलीवतीस. माझ्या कॉकपिटात, माझ्या को-पायलटसमोर...’’

‘‘पाचशे फुटांवर वीस नॉट जास्त होते.’’

‘‘मला दिसत न्हवतं व्हय?’’

‘‘मग खाली का जात होता?’’

‘‘तुझ्यासाठी!’’ ते ओरडले. ‘‘तुझ्या बापासाठी जात हुतो की!’’

माझं डोकंच फिरलं. माझ्या अब्बांच्या मयतीच्या नावावर अठ्ठावन्न माणसं पणाला लावायला यांना कुणी सांगितलं होतं? मी उपकार मागितले होते ते बसायला जागा द्या एवढेच. ‘‘माझ्या बापाचं नाव घेऊ नका,’’ मी म्हणाले. ‘‘माझ्या बापानं तीस वर्षांत एका सायकललाही गाडी घासली नाही कधी.’’ मग तेजस्वीकडं वळले. ‘‘आणि तुझं तोंड कुठं गेलं होतं?’’

तिला रडू फुटलं. ‘‘ताई, मला वाटलं... तुम्हाला पोचायचं होतं ना. तुमच्यासाठीच गप्प बसले.’’

म्हणजे बघा. एक माझ्यासाठी दाबत होता आणि दुसरी माझ्यासाठी गप्प होती. मी तिथं नुसती बसले होते, तेवढ्यानंच त्या दोघांची अक्कल गहाण पडली होती. बसले नसते तर दोघांनी मुकाट्यानं नियम पाळला असता. हा विचार पायऱ्या उतरताना डोक्यात आला आणि माझा संताप आणखी वाढला. घोरपडेंनी मागून मी दिलेला बिस्किटांचा डबा परत पाठवून दिला. त्यांच्या केबिनमधल्या पोरींना माझा खाऊ नको होता.

टॅक्सी केली. संकेश्वरच्या अलीकडं भाईचा फोन. ‘‘निघालो आमी. कबरीत पानी भराय लागलंय.’’ मी म्हणाले, भाई, तास-दीड तास थांब. ‘‘समदी माणसं खोळंबल्यात. तू कुठं हायेस ते तरी धड सांग!’’ फोन तुटला. ड्रायव्हरनं आरशात बघितलं आणि काही न विचारता गाडी जोरात हाणली. ‘‘हळू चालवा,’’ मी त्याच्यावरही खेकसले.

घरी पोचले तेव्हा मगरीब, म्हणजे दिवस मावळायची वेळ, होत आली होती. पुरुष कब्रस्तानातून परतले होते. दारात अब्बांच्या डेपोतले गणपतराव काका बसले होते, भिजलेले. आत माझी अम्मी रोशनबी भिंतीला टेकून. अब्बांची बाज उभी करून ठेवलेली. मी हातात बिस्किटांचा डबा घेऊन उभी.

‘‘साडेतीनला विमान गल्लीवरनं गेलं,’’ भाई म्हणाला. ‘‘आमी आवाज ऐकला. म्हटलं, आली. मग कुठं गेलतीस?’’

‘‘मी परत फिरवलं, भाई.’’

‘‘तू? तू चालवीत हुतीस?’’

‘‘नाही. मागं बसले होते. मी ओरडले, म्हणून वर गेलं.’’

मग तो जो भडकला! ‘‘तुझी ड्युटी न्हाय, काय न्हाय, फुकट बसाय दिलंतं तुला, आन् उतरणारं विमान तू फिरिवलंस? बाप मरून पडलाय आन् तुला शाणपणा सुचतोय! बांग होईस्तवर त्यांचं तोंड उघडं ठेवलंतं, तू येशील म्हणून!’’

अम्मीनं हात वर केला. अम्मीनं माझ्याकडं बघून विचारलं, ‘‘उतरलं असतं का गं?’’

तेवढंच. एका शब्दाचं काम होतं. ‘न्हाय’ म्हटलं असतं तर भाईचं तोंड बंद झालं असतं, अम्मीनं जवळ घेतलं असतं, मीही रडून मोकळी झाले असते. कोण तपासणार होतं?

‘‘धातल्या न्हऊ येळा उतरलं असतं, अम्मी,’’ मी म्हणाले.

‘‘म्हंजे तू बघितलं असतंस त्यास्नी.’’

‘‘व्हय.’’

तिनं तोंड भिंतीकडं केलं. गणपतराव काका दारातून उठले. ‘‘पोरी, गौस असता तर त्यो बी ह्येच...’’

‘‘नका सांगू काका!’’ मी त्यांच्यावर ओरडले. सत्तरीचा माणूस, मला अंगाखांद्यावर खेळवलेला. ‘‘मला ठाऊक आहे ते काय म्हणाले असते. त्यांनीच शिकवलंय ना!’’

ते चपला घालून गेले. मी डबा अब्बांच्या बाजेशेजारी ठेवला. घोरपडेंचा राग आला होता, तेजस्वीचा आला होता, तासभर न थांबलेल्या भाईचा तर अजून आहे. पण त्या बाजेकडं बघताना मला कळलं की सगळ्यात जास्त राग मला अब्बांचा आलाय. पेंगायचं नाही शिकवलंत, ठीक. गप्प बसायचं शिकवलंत, ठीक. पण ओरडायचं एवढं पक्कं शिकवायला नको होतं, अब्बा. तुमच्या वेळेला तरी मला विसरता आलं असतं.