आईकडून लेकाकडे

"रोग दिसतो लेकात, पण येतो आईकडून," बायॉलॉजीच्या मॅडमनी फळ्यावरच्या गोलापासून चौकोनापर्यंत रेघ ओढली. "आई धडधाकट असते. लेकाला मात्र लागलं की रक्त थांबत नाही, सांधे सुजतात. साधा दात काढला तरी जिवावर बेतू शकतं."

स्वरूपाचं पेन थांबलं.

जोतिराममामा दात काढल्यावरच गेला होता. करणी झाली, असं अख्खं येळ्ळूर गाव म्हणायचं. आणि तिचा धाकटा भाऊ साईराज जरा कुठं आपटला की त्याचा गुडघा टम्म सुजायचा. त्याची दाढ काढायला आई आज त्याला शहापुरातल्या दातांच्या दवाखान्यात घेऊन गेली होती.

मॅडमचा फोन मागून तिनं आईला लावला. तो नुसताच वाजत राहिला. ती पळतच पायऱ्या उतरली.

"अण्णा, जरा जोरात घ्या की," रिक्षावाल्याला ती पुन्हा पुन्हा विनवत होती. एव्हाना दाढ निघाली असली तर?

ती दवाखान्यात शिरली तेव्हा साईराज खुर्चीत आ वासून बसला होता. डॉक्टरांच्या हातात इंजेक्शन होतं.

"थांबा डॉक्टर! सुई नका टोचू!"

"कालिज सोडून का आलीस गं?" आई दचकली.

धापा टाकत स्वरूपानं मामाचं, गुडघ्याचं, वर्गातलं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी इंजेक्शन खाली ठेवलं.

"तुमचे भाऊ दात काढल्यावर गेले?"

"व्हय. रगात थांबलंच न्हाय," आई म्हणाली.

"मग आधी याचं रक्त तपासू."

रिपोर्टात तोच रोग निघाला, हिमोफिलिया. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, जपलं तर पोरगा चांगला जगेल. आता तुम्हा दोघींचंही रक्त तपासू.

बाहेर बाकावर आईनं विचारलं, "म्हंजे माझ्याकडनं आलं व्हय?"

"तुझा काय दोष न्हाय, आई."

"दोष न्हाय इचारला मी."

"...व्हय. तुझ्याकडनं."

आई हळूच म्हणाली, "आणि तुझ्यात?"

"असंल, नसंल बी."

नर्सनं स्वरूपाचं नाव पुकारलं. तिला उठवेना.

आई उठली. पदर खोचून, हिरव्या बांगड्या कोपराकडं सारून ती आत नर्ससमोरच्या खुर्चीत बसली.

"पयलं माझं घ्या, बाई."